जुनी मोटार, नवी मोटार

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या मोटारींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "तेव्हाच्या गाड्या म्हणजे पोलाद हो! आताचे नुसते पत्र्याचे डबे." आधी या वाक्याचाच समाचार घेऊ.

२००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेनं दोन शेवरोले गाड्या समोरासमोर आदळवून पाहिल्या. एक १९५९ची बेल एअर, दुसरी २००९ची मालिबू. वेग ताशी ६४ किलोमीटर. बेल एअरचं स्टीयरिंग आणि डॅशबोर्ड चालकाच्या जागेत घुसले. तिथं माणसाऐवजी चाचणीसाठी बसवलेला पुतळा होता म्हणून बरं. माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं नाक पार चेपलं, पण आतली जागा शाबूत राहिली. तिच्या पुतळ्याच्या नशिबी फक्त पायाची किरकोळ दुखापत आली.

तिचं ते चेपणं मुद्दाम ठरवलेलं असतं. टकरीचा जोर पुढचा पत्रा दुमडण्यात खर्ची पडावा आणि माणसांपर्यंत पोचूच नये, ही बेला बारेनी या अभियंत्याची कल्पना. शिवाय बेल एअरमध्ये ना सीटबेल्टचा पट्टा, ना एअरबॅग. आज आपण लावतो तो तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलिननं आणला, तोही नेमका १९५९ साली.

मग जुन्या गाडीत आहे तरी काय? माझ्या मते, ती चालवणाऱ्यापासून काही लपवत नाही.

फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघाल्या. ती सुरू करायची म्हणजे आधी हँडब्रेक ओढायचा, स्टीयरिंगखालच्या दांडीनं स्पार्क मागे घ्यायचा, म्हणजे इंजिनातली ठिणगी जरा उशिरा पडेल असं करायचं, मग पुढे जाऊन चोकची, म्हणजे इंजिनाची हवा कमी करणारी, तार खेचायची आणि इंजिन फिरवायचं हँडल मारायचं. तेही डाव्या हातानं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून. स्पार्क मागे घ्यायचा राहिला तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे.

पायाशी तीन पेडल, पण त्यांत अ‍ॅक्सिलरेटर नाहीच, तो हातात. डावं पेडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. आजचा पट्टीचा ड्रायव्हरही तिथं पहिल्या मिनिटाला गडबडेल. पेट्रोलला पंप नव्हता. ते सीटखालच्या टाकीतून आपल्या उताराने इंजिनाकडे जाई. टाकीत पेट्रोल कमी आणि पुढे खडा चढ, असं झालं की लोक गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये चढवत!

नव्या गाडीत बटण दाबलं की झालं. स्पार्क कधी, पेट्रोल किती, हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. म्हणूनच ती कमी पेट्रोल खाते आणि धूरही कमी सोडते. पण बिघडली की एक दिवा लागतो आणि बिघाड वाचणारा स्कॅनर जोडल्याशिवाय पुढे काही कळत नाही. जुनी बंद पडली तर ठिणगी पाडणारा प्लग काढायचा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून हँडल मारायचं. ठिणगी दिसली तर खोट बहुधा पेट्रोलच्या वाटेवर, नाही दिसली तर विजेच्या.

रोज मुलाबाळांना घेऊन हिंडायला मी नवीच गाडी घेईन, त्यात दुमत नाही. मोटार शिकायला मात्र जुनी.

आणि रस्त्यात पुढे अशी जुनी गाडी दिसली, तर अंतर राखा आणि हॉर्न वाजवू नका. तिच्या चालकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय आधीच कामात असतात.

नमस्कार.