करड्या चौकोनापाशी थांबलेला माणूस

[दृश्य: जुना मॉनिटर. वेबपानाच्या मधोमध रिकामा करडा चौकोन.]

काही वर्षांपूर्वीचं नेहमीचं दृश्य: व्हिडिओच्या जागी करडा चौकोन, त्यात जिगसॉचा तुकडा आणि खाली सूचना: प्लगइन हवं, म्हणजे ब्राउझरला जोडायचा वेगळा प्रोग्रॅम. आता पायऱ्या मोजा. फाइल डाउनलोड करायची, ब्राउझर बंद करायचा, फाइल चालवायची, अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकायचा, ब्राउझर पुन्हा उघडायचा आणि मघाचं पान शोधायचं. ऑफिसात तर गाडी पासवर्डपाशीच अडायची, कारण तो आयटीवाल्यांकडे. दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

२००५ साली आलेलं यूट्यूब फ्लॅश या प्लगइनवर चालायचं, पण फ्लॅश बहुतेक संगणकांवर आधीच असल्यामुळे हा प्रश्नच उद्भवला नाही. दोन वर्षांनी आलेल्या सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या प्लगइनला ही सोय नव्हती.

[दृश्य: यूएसबी टोकन, शेजारी निविदेचे कागद.]

व्हिडिओ सोडून देणारा हाच माणूस ई-निविदा भरताना मात्र तासभर जावाशी झटायचा. डिजिटल सही जावा अ‍ॅपलेटमधून, म्हणजे जावा प्लगइनवर पानातच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून, व्हायची आणि मुदत तर आजचीच. जानेवारी २०१४ च्या अपडेटनंतर जावा निर्मात्याची डिजिटल सही नसलेली अ‍ॅपलेट अडवू लागलं. मग जावा कंट्रोल पॅनेल उघडा, सिक्युरिटी टॅबमध्ये एडिट साइट लिस्टवर जा, अ‍ॅड दाबा आणि पोर्टलचा पत्ता सुरुवातीच्या एचटीटीपीएससकट टाका. नेमकं तेच राहून जायचं. गरज इतकी निकडीची, की वाटेत आलेली प्रत्येक ताकीद न वाचताच ओके व्हायची.

[दृश्य: इन्स्टॉलरची खिडकी. आधीच टिक केलेली चौकट.]

लोकांचा विश्वास या चौकटीने घालवला. फ्लॅशसोबत मॅकअ‍ॅफीचा स्कॅनर यायचा, जावासोबत आस्क टूलबार. टिक काढायला विसरलात की तेही बसलंच. आमच्या मते ही सरळ फसवणूक होती. त्यात २०११ मध्ये फ्लॅशबॅक नावाचं मालवेअर फ्लॅशच्या इन्स्टॉलरचं सोंग घेऊन मॅकवर शिरलं. तेव्हापासून ‘फ्लॅश अपडेट करा’ म्हटलं, की जाणकाराचा हात आधी खिडकी बंद करायला जायचा.

२०१५ मध्ये क्रोमने जुनी प्लगइन बंद केली, २०२० अखेर फ्लॅशही संपलं. आता एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जादा सोयी देणारे छोटे प्रोग्रॅम, एका क्लिकवर बसतात, म्हणून थांबायची जागा बदलली आहे: ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी. शब्दकोशाच्या एक्स्टेंशनला तुमचं बँकेचं पान कशाला हवं? एक्स्टेंशनच्या तपशिलात जा आणि साइट अ‍ॅक्सेस ‘क्लिक केल्यावर’ असा ठेवा.