कोळसून क्रूर नाही, त्याचं तोंड लहान आहे

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'हरणांचे शिकारी आणि त्यांच्या शिकारीच्या तऱ्हा', म्हणजे वाघ, बिबट्या, लांडगा, मगर, अजगर सगळे येणार असं मी कबूल केलंय आणि ते येतीलच, पण सुरुवात कोळसुनापासून करतो. कोळसून म्हणजे रानकुत्रा, कुणी कोळसिंदा म्हणतं. आधी एक सांगा, इथं जंगलात वाघ बघितलेले किती जण आहेत? हात वर करा. बरेच आहेत की. आणि कोळसून बघितलेले? तीन. त्या तिघांनी चहाच्या वेळी मला नक्की भेटा, मला तुमच्याकडून ऐकायचंय.

आता मी बघितलेलं सांगतो. नागझिऱ्याला गेलो होतो, मे महिना, सकाळी साडेसहाची वेळ, जिप्सीत आम्ही सहा जण, त्यातले चार माझ्या ओळखीचेही नव्हते. तळ्याच्या वळणावर आलो आणि गाइडनं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, गाडी बंद. समोर पाण्यात चितळाची मादी, फक्त मान आणि डोकं वर. काठावर सात कोळसून. वाळलेल्या पानासारखा तांबूस रंग, काळी झुपकेदार शेपटी, अंगानं आपल्या गल्लीतल्या कुत्र्याएवढे. दोघं चक्क पाय पसरून बसलेले, दोघं पाण्याच्या कडेकडेनं फिरतायत, एक वळसा घालून पलीकडच्या काठाला निघालेला. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. मधेच एक बारीक शीळ आली, मला वाटलं पक्षी असेल, तर गाइड हळूच म्हणाला की ही यांचीच शीळ. कोळसून आपल्या कुत्र्यासारखा भुंकत नाही, दाट झाडीत कळप पांगला की शीळ घालून एकमेकांना पत्ता देतो. आणि ती मादी हलत नव्हती, कान तेवढे फिरत होते, एकदा या शिळेकडे, एकदा त्या.

पाण्यात का शिरली, तर तिथं ती उंच पायांवर उभी राहू शकते आणि कोळसुनाला पोहावं लागतं. सांबरं तर हे हमखास करतात, पाण्यात उभी राहून पुढच्या पायांनी मारतात. पण कोळसुनालाही पोहता येतं, आणि घाई त्याला नसते.

आम्ही सात-आठ मिनिटं बघितलं असेल. तेवढ्यात मागून दुसरी जिप्सी आली, ड्रायव्हरनं हातानं खूण केली, पुढं वाघीण आहे. झालं! आमच्या गाडीत चुळबुळ सुरू. एक गृहस्थ म्हणाले, "अहो कुत्रेच आहेत ना, चला." त्यांच्या शेजारच्या ताई म्हणाल्या, "मला नाही बघवत, जिवंत फाडतात म्हणे, किती क्रूर." गाइड म्हणाला, "थांबा नं साहेब, वाघ तं दिसनच, हे पाहाले भेटत नाही." कुणी ऐकलं नाही, चार विरुद्ध एक. मी थांबा म्हणालो ते फार हळू म्हणालो आणि ते मला अजून लागून राहिलंय. वाघीण बांबूत बसलेली होती, शेपटीचं टोक दिसलं, चाळीस मिनिटं आम्ही त्या टोकाकडे बघत बसलो. परत आलो तेव्हा तळं रिकामं, काठावर कावळे, बाकी काही नाही. त्या चितळ मादीचं काय झालं मला आजही माहीत नाही.

त्या ताईंवर माझा राग नाही. त्या जे बोलल्या ते आपण सगळेच ऐकत आलोय, आणि इंग्रजांच्या काळात तर तो सरकारी कारभार होता. रानकुत्रा म्हणजे उपद्रवी जनावर, हरणांचा नाश करतो, मारा आणि बक्षीस घ्या. गोळ्या घातल्या, विष घातलं. आणि ही बक्षिसं देणारे कोण, तर ज्यांना स्वतःला चितळ-सांबर मारायचे होते ते शिकारी! १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर कुठं त्याला संरक्षण मिळालं. तोवर कित्येक जंगलांतून तो गेलाच होता. आज जगभरात पिलं देण्याच्या वयाचे कोळसून ९४९ ते २२१५ एवढेच असावेत असा अंदाज २०१५ मधे काढला गेलाय. २०२२ च्या गणनेत आपल्या एकट्या भारतात सरासरी ३६८२ वाघ निघाले. दोन्ही आकडे वेगळ्या रीतीनं काढलेले आहेत, थेट तुलना होत नाही हे मान्य, तरी अंदाज यावा म्हणून सांगतो.

आता माझं म्हणणं. शिकारीच्या पद्धतीत आपण स्वभाव शोधतो, वाघ राजा, बिबट्या चोर, कोळसून क्रूर. मी म्हणतो शरीर बघा. वाघ दोनशे किलोचा, पण त्याचा दम छोटा, लांब पळणं जमत नाही. म्हणून तो वारा बघून, गवतातून, थांबत थांबत अगदी जवळ येतो, मग एक झेप, वजनानं खाली पाडायचं आणि गळा धरायचा. केशरी रंग आपल्याला भडक दिसतो पण हरणाला लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, त्याच्या डोळ्याला वाघ झाडोऱ्याच्याच रंगाचा. एवढं करूनही बहुतेक वेळा चितळ निसटतं. आणि गळा धरला म्हणजे लगेच मरतं असं नाही हो, श्वास कोंडून मरायला काही मिनिटं जातात. ते आपल्याला शांत दिसतं कारण रक्त कमी आणि आवाज नाही.

कोळसून पंधरा-वीस किलोचा. चितळ त्याच्या तिप्पट-चौपट. गळा धरून एवढं धूड दाबून ठेवायला त्याच्याकडे ना वजन ना तेवढा जबडा. मग काय करणार तो? कळपानं पळवतो, थकवतो, मागून-बाजूनं चावे घेतो, पोट फाडतो, रक्त जातं आणि जनावर पडतं. बघायला भयंकर आहे, मी नाही म्हणत नाही, पण मरायला वाघाच्या तोंडी लागतो त्याहून फार वेळ लागतो असंही नाही. आणि दात बघा, कुत्र्याला खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला तीन दाढा, याला दोन. हाडं चघळायची सोय कमी, मांस कापायची कात्री जास्त. कारण भराभर खाऊन मोकळं व्हायचंय, वास काढत वाघ आला तर सगळं सोडावं लागतं.

आणि खायला पहिलं कोण बसतं माहितीये? पिलं. शिकार झाली की बरोबर आलेल्या पिलांना आधी खाऊ देतात, मोठे बाजूला थांबतात. पिलं बिळात असतील तेव्हा पोटात मांस भरून नेतात आणि तिथं ओकून भरवतात, आईला सुद्धा आणि तिच्यासोबत राखणीला थांबलेल्यालाही. वन्यजीव अभ्यासक ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७६ ते ७८ कर्नाटकातल्या बांदीपूरच्या जंगलात या प्राण्यामागं पायी फिरून अभ्यास केला, तेव्हा कुठं या गोष्टी आपल्याकडे नीट नोंदल्या गेल्या. तोपर्यंत काय, तर कोळसून झुडपावर मुततो, त्यातून जनावर गेलं की आंधळं होतं! हे मला अजून लोक छातीठोकपणे सांगतात. तसं काही नसतं, त्या आंधळेपणाची त्याला गरजही नाही.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बरं, बाकीचे भराभर घेतो.

बिबट्या. एकटा, दबा धरून, गळा पकडून, म्हणजे वाघासारखाच पण लहान घास. कर्नाटकातल्याच नागरहोळेच्या जंगलात कारंथ आणि सनक्विस्ट या वन्यजीव अभ्यासकांनी अभ्यास केला, तो १९९५ मधे छापून आला. वाघाच्या शिकारीचं सरासरी वजन ९१.५ किलो, बिबट्याचं ३७.६, कोळसुनाचं ४३.४. म्हणजे वाघाची नजर गवा-सांबरावर, बिबट्या आणि कोळसून मुख्यतः चितळावर, म्हणून तिघं एका जंगलात निभावतात. बिबट्या शिकार झाडावर का ओढतो त्याचं उत्तर खाली शीळ घालत उभं असतं, कोळसुनांचा कळप बिबट्याला सरळ झाडावर चढवतो.

लांडगा. सोलापूरकडचं नान्नज, कर्जतचं रेहेकुरी, उघडं माळरान, तिथं काळवीट. काळवीट खरं तर मृग नव्हे, चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची शिंगं कायमची, पण मराठीत दोन्ही हरीणच म्हणून आज चालवून घ्या. माळावर लपायला जागा नाही, त्यामुळं काही लांडगे हाकतात आणि एखादा बांधाआड, ओघळीत पडून राहतो.

मगर पाणवठ्यावर, तिला फक्त थांबायचंय. अजगरही तसाच, वाटेवर पडून राहतो. तो हाडं मोडतो हा गैरसमज, आणि दम कोंडतो हे सुद्धा पूर्ण खरं नाही. २०१५ मधे बोआवर, म्हणजे अजगरासारख्याच विळखा घालणाऱ्या सापावर, प्रयोग झाले त्यात विळख्यानं रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोलमडतं असं दिसलं.

एक प्रश्न आलाय कागदावर, कोळसून माणसावर येतो का. अहो, तो माणसाला फार बुजतो. जंगलातली माणसं पूर्वीपासून काय करत आलीयत, शीळ किंवा कावळ्यांचा गलका ऐकून जायचं, हाकारा घालून कळपाला हटवायचं आणि मेलेलं चितळ खांद्यावर टाकून घरी न्यायचं. डझनभर कोळसून असतात, पिलं उपाशी असतात, आणि ते जरा लांब जाऊन उभे राहतात, शीळ घालतात, आणि माणूस जाईपर्यंत बघत राहतात.