घास खाली उतरताना

(दृश्य : घशाचं क्ष-किरण चलचित्र. एक काळा घोट जिभेवर थांबलेला.)

क्ष-किरणांत दिसावा म्हणून या घोटात बेरियम मिसळलंय. नजर हलवू नका, कारण घशातला सगळा प्रकार जेमतेम एका सेकंदात उरकतो.

जीभ घोट मागे ढकलते. टाळूचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद होते. श्वास थांबतो. हनुवटीखालचे स्नायू हायॉइड नावाचं हाड वर आणि पुढे ओढतात, त्याबरोबर घाटी (स्वरयंत्र) वर सरकते आणि श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक स्नायूंची कडी एरवी आवळलेली असते. ती सैलावते आणि याच ओढीने उघडते. घोट गेला. श्वास सुरू.

(दृश्य : वृद्ध चेहरा, जवळून.)

वय वाढतं तसे हे स्नायूही रोडावतात. जीभ टाळूवर जमेल तितकी दाबायला सांगितली, तर म्हाताऱ्या माणसाचा जोर तरुणापेक्षा कमी भरतो. गंमत अशी, की रोजचा घास गिळताना पडणारा दाब मात्र फारसा घटत नाही. घटते ती राखीव ताकदीची शिल्लक. म्हणूनच वर्षानुवर्षं नीट जेवणारा माणूस एखाद्या आजारात अंथरुणाला खिळतो आणि त्याला एकाएकी पाण्याचाही ठसका लागू लागतो. घरच्यांना वाटतं, घसा आताच बिघडला. मग खाणं कमी होतं, आणि खाणं कमी झालं की स्नायू आणखी झिजतात.

ठसका लागतो तोवर एका परीने बरं. काहींच्या श्वासनलिकेत पाणी उतरतं आणि खोकलाही येत नाही. तोंडातले जंतू त्याच वाटेने फुप्फुसात पोहोचतात, म्हणून दात आणि जीभ स्वच्छ ठेवणं हा इथे उपचाराचाच भाग आहे.

(दृश्य : पापण्या खाली आलेल्या. मान मागे टाकून बघणारी व्यक्ती.)

काही स्नायूविकार नेमके घशावर येतात. मायस्थेनिया या स्नायू वापरता वापरता थकवणाऱ्या आजारात पहिले घास सुरळीत जातात आणि जेवण संपता संपता घसा थकतो. त्यावर औषधं आहेत. इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस हा स्नायूंच्या दाहाचा आजार सहसा पन्नाशीनंतर मांड्या आणि बोटं धरतो, पण कधी कधी सुरुवातच गिळण्यापासून होते.

ऑक्युलोफॅरिंजिअल मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा तर पापण्या आणि घसा यांचाच आजार. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या फ्रेंच वंशाच्या कुटुंबांत तो जास्त आढळतो. त्यामागचा जनुकदोष १९९८ मध्ये सापडला : अ‍ॅलनीन या प्रथिनांतल्या घटकाची खूण जनुकात एरवी १० वेळा येते, ती रुग्णांत ११ ते १८ वेळा येते. तेवढ्याने चाळिशी-पन्नाशीनंतर पापण्या जड होऊ लागतात. समोरचं दिसावं म्हणून माणूस मान मागे टाकतो, आणि मान मागे गेली की गिळणं आणखी धोक्याचं होतं. डोळ्यांची सोय ती घशाची गैरसोय.

(दृश्य : व्यायाम करून घेणारी थेरपिस्ट.)

वयामुळे आलेल्या अशक्तपणात व्यायामाला वाव आहे : उताणं झोपून खांदे न उचलता डोकं वर करायचं आणि पायांची बोटं बघायची. हनुवटीखालच्या त्याच स्नायूंना यातून काम मिळतं. ठसका लागू नये म्हणून पातळ पदार्थ दाट करून देतात, पण दाट केलेलं पाणी अनेकांना नकोसं होतं आणि ते पाणी पिणंच कमी करतात. याकडे लक्ष हवं.

डिस्ट्रॉफीत अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली ती आवळलेली कडी शस्त्रक्रियेने छेदता येते. अनेकांना गिळणं सोपं जातं. पण घास ढकलणारे स्नायू झिजतच राहतात आणि काही वर्षांनी त्रास परतू शकतो. हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवं.