हिरवी रेघ आणि टेलिफोनची तार

[दृश्य: शेतातला चिखलाचा रस्ता. कडेला एक जुनी मॉरिस व्हॅन.]

२६ फेब्रुवारी १९३५. इंग्लंडमधल्या डॅव्हेन्ट्री गावाजवळच्या एका शेतात ही व्हॅन येऊन थांबली आहे. आत दाटीवाटीनं रिसीव्हर बसवलाय आणि त्याच्या गोल काचेवर एक लहानशी हिरवी रेघ चमकते आहे. काचेकडे डोळे लावून बसलेत रेडिओ संशोधक रॉबर्ट वॉटसन-वॅट, त्यांचे सहकारी आर्नल्ड विल्किन्स आणि हवाई मंत्रालयाचे ए. पी. रो.

डॅव्हेन्ट्रीला बीबीसीचं लघुलहरी केंद्र आहे. या प्रयोगासाठी वेगळा प्रक्षेपक बांधलेला नाही, त्याच केंद्राच्या ४९ मीटरच्या लहरी उसन्या घेतल्यात. वर एक हेफर्ड बॉम्बफेकी विमान ठरल्या वाटेनं येरझाऱ्या घालतंय. विमान जवळ येतं तशी काचेवरची रेघ लांबते, आखडते, पुन्हा लांबते. विमान सुमारे १३ किलोमीटर दूर जाईपर्यंत हा खेळ चालू राहतो.

विमानावर आदळून परतलेल्या लहरीच ती रेघ हलवत होत्या; पुढे याच तंत्राला रडार म्हणू लागले. एवढंच घडलं. पण सरकारनं तिजोरी उघडायला एवढं पुरेसं होतं.

[दृश्य: केंटच्या किनाऱ्यावरची काँक्रीटची प्रचंड वक्र भिंत.]

घाई होण्याचं कारण भीती. १९३२ मध्ये ब्रिटिश नेते स्टॅन्ली बाल्डविन यांनी पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं होतं की काहीही केलं तरी बॉम्बफेकी विमान पार होणारच. विमान येतंय हे कळायला तोवर एकच साधन होतं, कान. डेंज इथली ही भिंत म्हणजे साठ मीटर लांबीचा कानच. समुद्रावरून येणारा इंजिनाचा आवाज ती गोळा करायची. पण विमानांचा वेग वर्षागणिक वाढत होता. आवाज कानी पडेपर्यंत विमान डोक्यावर यायचं.

मग कुणाच्या तरी डोक्यात मृत्युकिरण आले. रेडिओलहरींनी वैमानिकाला आकाशातच भाजून काढता येईल का, अशी विचारणा हवाई मंत्रालयानं वॉटसन-वॅट यांच्याकडे केली. त्यांनी तो प्रश्न वेश बदलून विल्किन्सपुढे ठेवला. पाच किलोमीटर अंतरावर आणि एक किलोमीटर उंचीवर आठ पाइंट पाणी आहे. ते ९८ अंश फॅरेनहाइटवरून १०५ अंशांवर न्यायला किती शक्ती लागेल? आठ पाइंट म्हणजे साधारण माणसाच्या अंगातलं रक्त, आणि ९८ म्हणजे अंगाचं तापमान. विल्किन्सनं काय ते ओळखलं, गणित मांडलं आणि सांगितलं, शक्य नाही.

मग हवाई मंत्रालयाला मदत तरी कशाची करता येईल? विल्किन्सला आठवलं, टपाल खात्याच्या अभियंत्यांनी तक्रार केली होती की जवळून विमान गेलं की रेडिओच्या संकेतात खरखर होते. त्यांना जी कटकट वाटत होती, तीच इथे कामाची होती. डॅव्हेन्ट्रीचा प्रयोग निघाला तो या आठवणीतून.

[दृश्य: पूर्व किनाऱ्यावर ओळीनं उभे पोलादी मनोरे.]

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर अशी वीसेक रडार केंद्रं उभी होती. नाव चेन होम. प्रक्षेपणाचे पोलादी मनोरे ३६० फुटी, ग्रहणाचे लाकडी मनोरे २४० फुटी. यातलं काहीही फिरत नव्हतं. मनोऱ्यांवर ताणलेल्या तारा समोरचा सगळा समुद्र लहरींनी एकदम भरून टाकायच्या.

खरं बोलायचं तर हे यंत्र ओबडधोबडच होतं. जमिनीच्या बाजूचं त्याला धड दिसत नसे, आणि खालून सरपटत येणारं विमान तर निसटूनच जाई. त्यासाठी पुढे दीड मीटर लहरींची, फिरत्या अँटेनांची वेगळी केंद्रं उभारावी लागली. वॉटसन-वॅट यांना या कच्चेपणाची लाज नव्हती. त्यांचं म्हणणं असं की तिसऱ्या दर्जाचं असेल ते आत्ता द्या; दुसऱ्या दर्जाचं यायला उशीर होतो आणि सर्वोत्तम कधी येतच नाही.

[दृश्य: अंधारी खोली, ऑपरेटर तरुणी, समोर काच, हात गोल बटणावर.]

इथे बहुतेकदा महिला हवाई दलातली मुलगी बसलेली असायची. काचेवर आडवी हिरवी रेघ. विमानाचा प्रतिध्वनी आला की त्या रेघेला खाली एक खाच पडते. खाच पट्टीवर कुठे पडली त्यावरून अंतर कळतं. दिशेसाठी हातातलं बटण फिरवायचं, खाच पुसट होत होत नाहीशी होईपर्यंत. उंचीसाठी वरच्या आणि खालच्या तारांवरचे संकेत ताडून बघायचे. आणि विमानं किती? ते सांगणारा काटा कुठेच नव्हता. खाच कशी थरथरते ते पाहून मुलगी सांगायची, तीन आहेत की तीस. हे पुस्तकात शिकायला मिळत नाही, नजर तयार व्हावी लागते.

अंतर बऱ्यापैकी अचूक यायचं, दिशा मात्र ढोबळ. शिवाय शत्रूच्या विमानांची एकच टोळी शेजारशेजारच्या दोन-तीन केंद्रांना दिसायची आणि प्रत्येक केंद्र ती वेगळ्या जागी दाखवायचं. हे सगळं जसंच्या तसं लढाऊ तळांना कळवलं असतं तर एका टोळीच्या तीन झाल्या असत्या.

[दृश्य: बेंटली प्रायरी. मोठ्या टेबलावर नकाशा, भोवती हेडफोन लावलेल्या तरुणी.]

म्हणून ही खोली. लंडनजवळ बेंटली प्रायरीला फायटर कमांडचं, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमानांच्या दलाचं, मुख्यालय, प्रमुख ह्यू डाउडिंग. प्रत्येक केंद्राची टेलिफोनची तार इथल्या फिल्टर रूममध्ये येत होती. दोन केंद्रांनी सांगितलेल्या अंतरांचे कंस नकाशावर जिथे छेदतील तिथे विमान. दिशेचा घोळ असा निस्तरला जायचा. भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे होते आणि नकाशावरच्या सोंगट्याही त्याच रंगांच्या. रंगावरून कळायचं, माहिती ताजी की शिळी. नाहीतर काही मिनिटांपूर्वीच्या जागेवर विमानं धाडली जायची.

इथून निवडलेली, निथळलेली माहिती पुढे गट आणि सेक्टरच्या, म्हणजे फायटर कमांडच्या विभाग-उपविभागांच्या, खोल्यांत, आणि तिथून रेडिओवर वैमानिकाच्या कानात. विमानं किनारा ओलांडून आत आली की रडारचं काम संपलं. पुढे ऑब्झर्व्हर कोअरची माणसं, दुर्बीण डोळ्याला लावून.

हे सगळं पहिल्या दिवसापासून सुरळीत चाललं असं समजू नका. युद्धाच्या चौथ्याच दिवशी, ६ सप्टेंबर १९३९ ला, खोट्या इशाऱ्यावर विमानं उडाली आणि ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशांचीच दोन हरिकेन विमानं पाडली. एक वैमानिक दगावला. स्वकीय विमानाचा प्रतिध्वनी वेगळा दिसावा म्हणून विमानात बसवायच्या उपकरणाची निकड त्यानंतर सगळ्यांनाच पटली.

[दृश्य: १९४० चा ऑगस्ट. खाडीवर धूर.]

१२ ऑगस्ट १९४० ला जर्मनांनी थेट केंद्रांवरच घाला घातला. डोव्हर, राय, पेव्हेन्सी आणि केंटमधलं डंकर्क काही तासांत पुन्हा सुरू झाली, व्हेंटनर मात्र बंद पडलं. ते बंद आहे हे शत्रूला कळू नये म्हणून तिथून नुसत्याच लहरी सोडत राहिले. मनोरेही सहज पडत नव्हते. सगळा सांगाडाच, त्यामुळे स्फोटाचा धक्का आरपार निघून जायचा.

१५ ऑगस्टला जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंग यानं आपल्या सेनानींना सांगितलं की आजवर एकही केंद्र निकामी झालेलं नाही, तेव्हा हे हल्ले चालू ठेवण्यात काही अर्थ आहे का, शंकाच आहे. माझ्या मते त्या उन्हाळ्यातली ही जर्मनांची सर्वांत महागात पडलेली शंका. तीन दिवसांनी पोलिंगच्या केंद्रावर जर्मनांची स्टुका बॉम्बफेकी विमानं तुटून पडली तेव्हा महिला हवाई दलातली एव्हिस हर्न टेलिफोनवर होती. बॉम्ब पडत असतानाही ती आकडे कळवत राहिली. तिला मिलिटरी मेडल मिळालं.

जर्मनांकडे रडार नव्हतं, हा समज मात्र काढून टाका. त्यांचं फ्रेया नावाचं रडार चेन होमपेक्षा नेटकं होतं. १८ डिसेंबर १९३९ ला त्यानं जर्मनीच्या किनाऱ्याजवळच्या हेलिगोलंडच्या आखाताकडे येणारी ब्रिटिशांची वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानं वेळेत हेरलीसुद्धा. पण इशारा नौदलाकडून हवाई दलाकडे जाऊन विमानं उडेपर्यंत बराच वेळ वाया गेला. तरी त्या दिवशी २२ पैकी १२ वेलिंग्टन परतली नाहीत.

[दृश्य: हवाई द्वीपसमूहातलं ओआहू बेट. डोंगरावर एक फिरतं रडार.]

आणि ७ डिसेंबर १९४१, ओपाना. जोसेफ लॉकर्ड आणि जॉर्ज इलियट या दोन अमेरिकन सैनिकांची पाळी सकाळी सातला संपलेली, पण नाश्त्याला नेणारा ट्रक आला नाही म्हणून यंत्र चालूच. सात वाजून दोन मिनिटांनी काचेवर एवढा मोठा प्रतिध्वनी उमटला की यंत्र बिघडलं असं त्यांना वाटलं. अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त. त्यांनी फोन केला. माहिती केंद्रातली बहुतेक मंडळी निघून गेली होती; अधिकारी म्हणून उरला होता या कामाला नवखा असलेला लेफ्टनंट कर्मिट टायलर. अमेरिकेहून बी-१७ विमानं येणार आहेत हे त्याला ठाऊक होतं. त्यानं काळजी करू नका म्हणून सांगितलं. आठला पाच मिनिटं कमी असताना पर्ल हार्बरवर जपानी बॉम्ब पडायला लागले.

त्यानंतर अमेरिकेची हवाई संरक्षण व्यवस्था तपासायला वॉटसन-वॅट यांनाच बोलावण्यात आलं. त्यांनी दिलेला अहवाल फार कडक होता.