टल्साच्या गच्चीवर कोण नव्हतं?

मंडळी, चार आवाज, साथीला एकही वाद्य नाही, आणि मूळ चाल वरून दुसऱ्या आवाजाकडे. अमेरिकेतल्या बार्बरशॉप गायकीची एवढी ओळख आधी करून देतो. चाल धरतो तो लीड. त्याच्यावर हलक्या आवाजात टेनर, तळाला बेस, आणि उरलेला, गायला बहुधा सर्वांत अवघड सूर बॅरिटोनचा.

पिच पाइपवर, म्हणजे फुंकून स्वर देणाऱ्या छोट्या साधनावर, एक स्वर घ्यायचा, पुढचं सगळं एकमेकांच्या आवाजावरून मिळवायचं. तंबोरा नीट लागला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, हे तुम्हाला सांगायला नको. तिथंही तसंच घडतं. षड्ज, गंधार, पंचम आणि आपल्या कोमल निषादाहून किंचित उतरलेला निषाद नेमके जुळले, की कुणीच गात नसलेला वरचा स्वर कानावर येतो. कॉर्ड, म्हणजे एकत्र लागलेले हे स्वर, ‘रिंग’ झाली, असं ते म्हणतात. आठवडाभर नोकरी करून माणसं वर्षानुवर्षं तालमीला येतात, ती या स्वरासाठी.

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ११ एप्रिल १९३८ रोजी ओ. सी. कॅश या वकिलानं आणि रूपर्ट हॉल या मित्रानं टल्सा क्लबच्या गच्चीवर गाणाऱ्यांना बोलावलं. २६ जण आले. त्यातून एक संस्था उभी राहिली आणि पुढं देशभर तिच्या शाखा निघाल्या. चौकड्या गात होत्याच, पण शाखेतले सगळेच एकत्र गायला लागल्यावर त्याचं कोरस झालं आणि १९५३ पासून कोरसच्या राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाल्या.

आता त्या गच्चीवर जे नव्हते त्यांच्याबद्दल बोलायला हवं. ही गायकी घडवण्यात कृष्णवर्णीयांचा वाटा फार मोठा. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या केशकर्तनालयांत, रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पोरं आणि पुरुष असे सूर जमवत. जाझचा विख्यात वादक-गायक लुई आर्मस्ट्राँग लहानपणी न्यू ऑर्लिन्समध्ये अशाच चौकडीत गायला. लिन ॲबट या अभ्यासकानं १९९२ मध्ये याचे पुरावे मांडले. तरीही १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरच्या हमालांच्या चौकडीला, शहराची स्पर्धा जिंकूनसुद्धा, केवळ वर्णामुळे सेंट लुईसच्या राष्ट्रीय स्पर्धेत उभं राहू दिलं नाही. माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी निषेध म्हणून संस्थेचा राजीनामा दिला. दार मात्र उघडलं ते १९६३ मध्ये. ज्या टल्सात १९२१ साली ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जाळली गेली, तिथंच ही संस्था जन्मली, हे मला विसरता येत नाही. ज्यांच्याकडून सूर घेतला त्यांनाच रांगेत जागा नाही, याला मी अन्यायच म्हणेन.

बायकांनी वाट पाहिली नाही. टल्सातच १९४५ मध्ये त्यांनी ‘स्वीट ॲडलाइन्स’ उभी केली. तिनंही वर्णाची अट घातली, तेव्हा काही शाखांनी फुटून १९५९ मध्ये ‘हार्मनी इन्कॉर्पोरेटेड’ काढली. मला या बायकांचं फार कौतुक वाटतं. मैत्रिणी, स्पर्धा, हक्काचं व्यासपीठ, सगळं सोडून त्या निघाल्या. पुरुषांच्या मूळ संस्थेनं स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिलं ते २०१८ मध्ये.

आज गावोगावचं कोरस कसं चालतं? आठवड्यातली एक संध्याकाळ तालमीची. पायऱ्यांच्या फळ्यांवर रांगा लावून उभं राहायचं. प्रत्येक आवाजाचा एक जाणता नव्यांना सांभाळून घेतो. स्वरलिपी न येणारे ध्वनिमुद्रण ऐकून आपली ओळ बसवतात. १४ फेब्रुवारीला चौकड्या घरी, कचेरीत जाऊन कुणाच्या तरी वतीनं प्रेमगीत गातात आणि त्या पैशांतून कोरसचा खर्च भागवायला हातभार लागतो. कार्यक्रमानंतर खाणं-पिणं आणि पुन्हा गाणं. या बैठकीला ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. तिथं ‘टॅग’ रंगतात. टॅग म्हणजे गाण्याच्या शेवटच्या काही ओळी. चार अनोळखी माणसं भेटतात, एक जण बाकीच्यांना त्यांची त्यांची ओळ तोंडी शिकवतो आणि काही मिनिटांत कॉर्ड रिंग होते. संमेलनाच्या हॉटेलांत जिन्यांवर, लिफ्टपाशी हे रात्री उशिरापर्यंत चालतं.

तुमच्यापैकी कुणाची मुलं अमेरिकेत असतील, तर तिकडं गेल्यावर जवळच्या कोरसच्या तालमीला जरूर जा. बहुतेक ठिकाणी पाहुण्याचं स्वागतच होतं, आणि तुमचा आवाज कोणत्या पट्टीत बसतो ते पाहून तुम्हालाही रांगेत उभं करतात.