कोयनेत थेंब किती?

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की तब्येत नंतर विचारतात. आधी "आयर्विनला किती फूट?" आणि लगेच "कोयना किती टीएमसी झाली?" पहिलं उत्तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर वाचता येतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. दुसरं आपण नुसतं ऐकतो. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, एवढं पाठ असतं. पण त्याचे लीटर करा म्हटलं की सभा गप्प होते. आत्ता झालीत तशी.

घोळ होतो तो 'घन' या शब्दाशी. शाळेत मीही लिहून आलो होतो, एका घनमीटरात १०० घनसेंटीमीटर. मीटरात १०० सेंटीमीटर असतात ना, मग! आता एक मीटर लांब, रुंद आणि खोल असा हौद घ्या आणि सेंटीमीटरभराचे फासे त्यात रचा. तळालाच शंभराच्या शंभर ओळी, १० हजार फासे. असे १०० थर. झाले १० लाख. लांबीचा आकडा एकदा लावून भागत नाही, तीनदा लावावा लागतो. घनकिलोमीटराचे घनमीटर करताना १००० चा घन घ्या, थेट १०० कोटी येतात. आपल्या आज्यांना ही कटकटच नव्हती. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर पायली. तिथं लांबी-रुंदी कुणी विचारत नव्हतं.

आता फुटाकडे. फूट ३०.४८ सेंटीमीटरचा. तीनदा गुणा, २८,३१७ घनसेंटीमीटर येतात, म्हणजे २८.३ लीटर. दोन घागरी धरा. यावरून एक टीएमसी झाला २,८३२ कोटी लीटर. दहा हजार लीटरचा टँकर लावला तर २८ लाखांवर खेपा! कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. सुमारे २ लाख ९८ हजार कोटी लीटर.

थेंबापर्यंत जायचं तर सलाईनची नळी बघा. साध्या नळीतून २० थेंबांना एक मिलिलीटर पडतं, म्हणजे लीटरला २० हजार थेंब. भरलेल्या कोयनेत झाले सहावर सोळा शून्यं. कोटीच्या पुढं आपली जीभ अडखळते, भास्कराचार्यांची अडखळत नव्हती. त्यांच्या यादीत एकावर सोळा शून्यांना 'मध्य' म्हणतात. म्हणजे कोयनेत सहा मध्य थेंब. आणि एकावर चौदा शून्यांचं नाव काय? जलधी! समुद्र. त्या हिशोबानं आपल्या धरणात सहाशे समुद्र मावतात. (हशा)

उलटी वाट मला जास्त आवडते. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लीटर पाणी होतं. गच्चीवर सरळ भिंतींचं पातेलं ठेवून बघा. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर, म्हणजे ८९ कोटी २० लाख चौरस मीटर. तितकेच लीटर एका मिलिमीटरला. २,८३२ कोटींना त्यानं भागा, ३२ येतात. सगळं पाणी वाहून आलं तर ३२ मिलिमीटरला एक टीएमसी. जमिनीत मुरतं ते वजा. आणि तो टीएमसी दिवसभरात सोडायचा ठरला, तर दिवसाचे सेकंद ८६,४००. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तेव्हा विसर्ग साडेअकरा हजार क्युसेकच्या थोडा वर लागतो.