एका खोलीतले तीन तास

बार्सिलोना. रात्रीची वेळ. एका आलिशान फ्लॅटची बेल वाजते. दारात एक प्रौढ बाई उभी आहे. नाव सांगते, व्हर्जिनिया गुडमन. साक्षीसाठी अशिलाची तयारी करून घेण्यात हिचा हात धरणारं कोणी नाही म्हणतात. ठरलेल्या वेळेआधीच आली आहे, कारण सरकारी पक्षाला नवा साक्षीदार सापडलाय. हाताशी उरलेत तीन तास. ती स्टॉपवॉच सुरू करते.

समोर बसलाय आद्रिआन दोरिआ, तरुण, यशस्वी उद्योजक. आरोप खुनाचा. डोंगरातल्या एका हॉटेलच्या खोलीत त्याची प्रेयसी लाउरा मरून पडली होती. दार आतून बंद, हिवाळा म्हणून खिडक्यांच्या मुठी काढून ठेवलेल्या, आणि आत फक्त तो.

ओरिओल पाउलोचा हा 2016 सालचा स्पॅनिश चित्रपट, ‘कोंत्रातिएम्पो’. शब्दाचा अर्थ अवचित आलेलं विघ्न. पण तोडून वाचला तर ‘काळाच्या विरुद्ध’ असंही निघतं.

इथून पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहोत. चित्रपट पाहिला नसेल तर आधी तो पाहून या, खरंच.

बंद खोलीचं कोडं म्हणजे निव्वळ आमिष आहे. खरी गोष्ट त्याआधीची. आद्रिआन आणि लाउरा गाडीतून चाललेले असतात. घाटरस्त्यावर हरीण आडवं येतं, आद्रिआनची गाडी भरकटते आणि समोरून येणारा दानिएल नावाचा मुलगा अपघातात सापडतो. पोलिसांना कळवण्याऐवजी दानिएलला त्याच्याच गाडीच्या डिकीत घालून आद्रिआन ती गाडी तळ्यात बुडवतो. तोपर्यंत बंद पडलेल्या गाडीपाशी थांबलेल्या लाउराला मदत करायला एक भला माणूस येतो, तिला घरी नेतो आणि गाडी दुरुस्त करून देतो. तो दानिएलचाच बाप, तोमास गारिदो. त्या घरात दानिएलची आई मुलाला फोन लावते आणि रिंग घरातच वाजते. फोन लाउराकडे असतो.

निघताना लाउरा गाडीत बसते आणि सीट पुढे ओढते. बस, एवढंच. पण तोमास ते पाहतो. गाडी हीच चालवत आली असेल, तर सीट मागे कशी? म्हणजे चालवणारा दुसराच कोणीतरी होता. सगळा संशय या एका हालचालीवर उभा आहे.

आता त्या खोलीत परत चला. ही बाई वकील नाहीच. ती एल्विरा आहे, दानिएलची आई. चेहरा बदललाय, विग घातलाय. आद्रिआन तिला ओळखत नाही हेही तर्काला धरूनच आहे. त्या घरात लाउरा गेली होती, तो नव्हे. वकील म्हणून ती जे जे विचारते, त्यामागे एकच प्रश्न असतो: माझा मुलगा कुठे आहे? दानिएलच्या गाडीत लाउराची एखादी वस्तू टाकू, म्हणजे सगळं तिच्यावर ढकलता येईल, असं ती सुचवते. त्यासाठी जागा कळायला हवी ना? आणि तो जागा दाखवतो.

अपघाताची, खुनाची जी जी दृश्यं आपण पाहतो, ती कोणीतरी सांगत असलेली हकिकत असते. पडदा खोटं दाखवतो, पण बोलणारा कोण, हे कधीच लपवत नाही. म्हणूनच मला हा चित्रपट फसवा वाटत नाही. वेषांतर करून मिळवलेला कबुलीजबाब कोर्टात टिकेल का, ही शंका मात्र रास्त आहे.

2019 मध्ये सुजॉय घोष यांनी यावरून हिंदीत ‘बदला’ केला. तिथे आरोपी बाई झाली आणि वकिलाच्या खुर्चीत अमिताभ बच्चन, म्हणजे आईच्या जागी बाप. तो चित्रपट चांगलाच आहे. तरी माझं मन आना वाखेनेरच्या एल्विरावरून हलत नाही.

कारण एक कबुली अशी येते, जी ऐकायची तिची तयारी असणं शक्यच नव्हतं. गाडी बुडवताना दानिएल जिवंत होता. हे तिला पोटच्या पोराच्या मारेकऱ्यासमोर बसून ऐकावं लागतं, आणि चेहरा वकिलाचाच ठेवावा लागतो.

मग ती निघून जाते. आद्रिआनच्या हातात तिचं पेन राहतं, आत मायक्रोफोन. तो खिडकीशी येतो. समोरच्या इमारतीत तोमास उभा आहे. त्याच्या शेजारी ती बाई विग उतरवतेय, चेहऱ्यावरचा खोटा थर सोलून काढतेय.

आणि दाराची बेल वाजते. बाहेर खरी व्हर्जिनिया गुडमन.